यंत्राचे उपकार आणि नदीची मर्यादा

सकाळी नळाला पाणी आले की ते कोठून आले, हा प्रश्न आपल्यापैकी सहसा कोणी विचारीत नाही. पाणी आले नाही, तरच तो विचारला जातो. कल्याण-डोंबिवलीच्या बहुतेक घरांत येणारे पाणी उल्हास नदीचे असते. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करीत ही नदी मोहन्यापाशी येते. तेथून जवळच मोहिली येथे महानगरपालिका पाणी उचलते. मे महिन्यात कोकणातील इतर नद्या कोरड्या पडतात, तेव्हाही उल्हास वाहत असते. याचे मोठे कारण म्हणजे भिवपुरीचे वीजकेंद्र होय. टाटा कंपनीने १९२२ साली हे केंद्र सुरू केले. घाटमाथ्यावरील आंध्रा तलावाचे पाणी, जे निसर्गतः पूर्वेकडे भीमेत आणि कृष्णेत गेले असते, ते बोगद्यातून खाली आणून त्यावर वीज निर्माण केली जाते व ते पाणी उल्हास नदीत सोडले जाते. म्हणजे आपल्या घोटातला काही भाग यंत्राने घाट उतरून आणलेला आहे.

हे सुरुवातीलाच सांगण्याचे कारण असे की, पुढील लेख वाचून आम्ही विज्ञानाच्या किंवा यंत्राच्या विरोधात आहोत असा कोणी समज करून घेऊ नये. यंत्र नको, मागे चला, असे आम्हांला म्हणावयाचे नाही. मात्र अलीकडे एक वेगळीच श्रद्धा समाजात रुजू लागली आहे. नदी घाण झाली? शुद्धीकरण केंद्र येईल. कचरा साठला? त्यापासून वीज करणारे यंत्र येईल. हवा बिघडली? विजेवर चालणारी गाडी येईल. उष्णता वाढली? संगणक काहीतरी उपाय शोधील. एकेका यंत्राबद्दल बोलावयाचे तर यांतले काही खोटे नाही. परंतु 'काहीतरी येईल' या भरवशावर आज काहीच न करणे, यालाच आम्ही श्रद्धा म्हणतो. आणि श्रद्धा तपासून घ्यावी, ही आपली शिकवण आहे.

यंत्राने आपल्याला काय दिले

ज्या समाजाच्या वाट्याला शतकानुशतके अंगमेहनतीची आणि घाणीची कामे आली, त्याने यंत्राचा तिरस्कार करणे शहाणपणाचे नाही. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली व पुढील वर्षी ती कल्याणला पोहोचली. डब्यात कोण कोणाच्या शेजारी बसला, हे तिकीट विचारीत नव्हते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याचे वागळे इस्टेट, त्यामागोमाग डोंबिवली, अंबरनाथ येथील वसाहती उभ्या राहिल्या. गावात बलुते मागत फिरणाऱ्यांच्या मुलांना तेथे हजेरीपट, पगाराची पावती आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. आमच्यापैकी कित्येकांची घरे, मुलांची शिक्षणे आणि या सोसायटीची वर्गणीदेखील त्या पगारातून उभी राहिली आहे. हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात यंत्रयुगाविषयी स्पष्ट भूमिका मांडली आहे. माणसाला पशूसारख्या कष्टांतून सोडवून विचार करण्यास फुरसत द्यावयाची असेल तर यंत्राला पर्याय नाही. यंत्रयुगातून अनर्थ झाले हे त्यांना मान्य होते. पण त्याचा दोष ते यंत्राला न देता चुकीच्या समाजरचनेला देतात. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, १९४२ ते १९४६ या काळात, दामोदर आणि महानदी खोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनांच्या पायाभरणीत त्यांचा मोठा वाटा होता. पाणी अडवून वीज, सिंचन आणि पूरनियंत्रण साधावे, असा त्यांचा आग्रह होता.

तेव्हा आमचा प्रश्न त्यांच्याच भूमिकेतून निघतो. यंत्राचा दोष समाजरचनेत असेल, तर यंत्र सुधारल्याने समाजरचना सुधारेल काय? आणि निसर्गाच्या साठवणुकीची जी हद्द आहे, ती यंत्राला ओलांडता येईल काय? याचा विचार आपल्याच परिसरातील उदाहरणावरून करू.

शुद्धीकरण केंद्रात नेमके काय घडते

डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर या पट्ट्यात रसायने, रंग, औषधे आणि कापड यांचे कारखाने आहेत. त्यांचे सांडपाणी एकत्र आणून त्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांना सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र म्हणतात. ही यंत्रणा चांगली आहे, कारण लहान कारखानदाराला स्वतःचे केंद्र परवडत नाही. पण तिचे काम काय, हे समजून घेतले पाहिजे.

प्रथम सांडपाण्यातील आम्लता चुन्यासारख्या पदार्थाने कमी करतात. मग टाकीत पाणी स्थिर ठेवून जड गाळ तळाला बसू देतात. नंतर मोठ्या टाक्यांत हवा सोडून सूक्ष्म जीवाणू वाढवतात. हे जीवाणू पाण्यातील सेंद्रिय घाण खातात. शेवटी जीवाणूंचा गाळ वेगळा करून पाणी पुढे सोडतात.

आता पाहा, घाण कोठे गेली? काही भाग जीवाणूंनी खाऊन वायुरूपाने हवेत गेला. काही गाळात गेला. जड धातू नष्ट होत नाहीत. ते मुख्यतः गाळातच राहतात आणि तो गाळ घातक कचरा म्हणून तळोजा येथील सुरक्षित भरावात नेऊन पुरावा लागतो. विरघळलेले क्षार तर जवळजवळ जसेच्या तसे पाण्याबरोबर पुढे जातात, कारण मीठ कोणताही जीवाणू खात नाही. क्षारही काढावयाचे असतील तर पडद्यांतून दाबाने पाणी गाळावे लागते. त्याला भरपूर वीज लागते आणि शेवटी अतिखारट पाणी उरतेच. घरातील आरओ यंत्र पाहिल्यास हे लगेच ध्यानात येईल. एक लिटर गोड पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी मोरीत जाते.

सारांश, यंत्र घाणीला नाहीसे करीत नाही. ते तिचे रूप आणि ठिकाण बदलते. पाण्यातली घाण गाळात, गाळातली भरावात, आणि वीज कोळशाची असेल तर काही हवेत. हा यंत्राचा दोष नव्हे. पदार्थाचा तो स्वभावच आहे. काहीही शून्यातून येत नाही आणि शून्यात जात नाही.

नियम पाळूनही नदी कशी मरते

आता एक साधा हिशेब मांडू. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जीवाणूंना खाण्यासाठी किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. स्नानायोग्य नदीसाठी मात्र हे प्रमाण ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असे मानले जाते. म्हणजे कायद्याने सोडता येणारे पाणी स्नानायोग्य पाण्याच्या दहापट घाण असू शकते.

यामागचे गृहीतक असे की, नदीत पुरेसे स्वच्छ पाणी आहे आणि त्यात ही घाण मिसळून विरळ होईल. समजा दहा कारखाने रोज प्रत्येकी एक लाख लिटर पाणी सोडतात आणि सर्वजण ३० ची मर्यादा प्रामाणिकपणे पाळतात. एकूण दहा लाख लिटर झाले. ते स्नानायोग्य होण्यासाठी त्यात अगदी निर्मळ असे नव्वद लाख लिटर पाणी मिसळावे लागेल. उद्या कारखाने वीस झाले, प्रत्येकाने नियम पाळला, तरी निर्मळ पाणी एक कोटी ऐंशी लाख लिटर लागेल. कारखाने वाढविता येतात. नदी वाढविता येत नाही.

अंबरनाथ-उल्हासनगर-कल्याण येथून वाहणारी वालधुनी ही याचे जिवंत, किंबहुना मृत, उदाहरण आहे. अंबरनाथजवळच्या डोंगरांतून ती निघते. तिच्या काठावर इ.स. १०६० चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, यावरून हा काठ एकेकाळी कसा होता याची कल्पना यावी. ही पावसाळी नदी आहे. दिवाळीनंतर तिच्यात स्वतःचे पाणी जवळजवळ नसते. मग विरळ व्हावयाचे ते कशात? नदीत जे वाहते ते केवळ सांडपाणीच असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात टँकरमधील रासायनिक टाकाऊ द्रव या नदीत ओतला गेला, त्यातून निघालेल्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. तेथे नियमभंग होता, गुन्हा होता. पण नियमभंग थांबला तरी वरचा हिशेब बदलत नाही, हे आम्हांला सांगावयाचे आहे. आपले नियम एका लिटरमध्ये किती घाण, हे मुख्यतः मोजतात. एका नदीला दिवसाला एकूण किती घाण सोसेल, हे आधी ठरवून त्याप्रमाणे परवाने वाटण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही.

उल्हास नदीतही असाच प्रकार दुसऱ्या रूपाने दिसतो. उन्हाळ्यात मोहने-आपटी भागात जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो. ती काढण्यासाठी यंत्रे आणतात, पात्र मोकळे होते, पुढील वर्षी ती परत येते. जलपर्णी ही सांडपाण्याची वहीच म्हणावी. वरच्या अंगाच्या गावांचे आणि शहरांचे सांडपाणी नदीत येते, त्यात नत्र आणि स्फुरद असते, तेच तिचे खत. साध्या प्रक्रिया केंद्रातून हे दोन घटक पुरते निघत नाहीत. वही फाडून कर्ज फिटत नाही, तसे जलपर्णी काढून नदी शुद्ध होत नाही.

हे सर्व कागदोपत्री कोणाला ठाऊक नाही असे नाही. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा एकत्रित निर्देशांक काढला. ७० च्या वर गुण म्हणजे अतिप्रदूषित. डोंबिवलीला ७८.४१ गुण मिळाले. परीक्षेत असे गुण मिळविणाऱ्या मुलाचा आपण सत्कार करतो. 'वनशक्ती' संस्थेने उल्हास-वालधुनीच्या प्रश्नावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली व २०१५ साली न्यायाधिकरणाने प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्थांवर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांचा भार टाकणारा आदेश दिला. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला. प्रक्रिया केंद्रे या सर्व काळात होतीच.

आशावाद्यांचे म्हणणेही ऐकले पाहिजे

न्यायाने बोलावयाचे तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १९७२ साली 'द लिमिट्स टू ग्रोथ' हा अहवाल प्रसिद्ध झाला. लोकसंख्या, उद्योग आणि प्रदूषण असेच वाढत राहिल्यास शंभर वर्षांच्या आत पृथ्वीची मर्यादा गाठली जाईल, असे त्यात संगणकाच्या साहाय्याने दाखविले होते. पुष्कळांनी त्याची टर उडविली. १९८० साली ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञाने पॉल एर्लिक या जीवशास्त्रज्ञाशी पैज लावली. तांबे, कथील, निकेल, क्रोमियम, टंगस्टन हे पाच धातू दहा वर्षांनी महाग होतील की स्वस्त? एर्लिक म्हणाले महाग, सायमन म्हणाले स्वस्त. १९९० साली सायमन जिंकले. टंचाई आली की माणूस नवी खाण शोधतो, काटकसर करतो किंवा पर्यायी वस्तू काढतो, हे त्यांचे म्हणणे त्या दहा वर्षांपुरते खरे ठरले.

पण पैज कशावर होती ते पाहा. धातूला बाजारभाव असतो. तो दुर्मिळ झाला की भाव चढतो आणि भाव चढला की शहाणपण सुचते. वालधुनीच्या पाण्याला भाव कोठे आहे? ती घाण झाली तर कोणाचे दुकान बंद पडते? कोळी आणि आगरी बांधवांची खाडीतील मासळी गेली, त्याचा आकडा कोणत्याही कारखान्याच्या ताळेबंदात खर्चाच्या बाजूस लागला नाही. खाणीतून काय काढावयाचे, याची चिंता बाजार करतो. टाकावयाचे कोठे, याची चिंता बाजार करीत नाही. आजची खरी मर्यादा बहुतांशी या टाकण्याच्या जागेची आहे. नदी, हवा आणि आता सारे वातावरण ही त्याची उदाहरणे.

दुसरा मुद्दा काटकसरीचा. कार्यक्षम यंत्र आले की वापर कमी होईल, असे सर्वांना वाटते. इंग्लंडमधील विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ साली कोळशासंबंधीच्या ग्रंथात उलटेच दाखविले. वॅटच्या सुधारलेल्या वाफेच्या यंत्राला कोळसा कमी लागत होता, म्हणूनच ते परवडू लागले, घरोघर कारखान्यांत गेले आणि एकूण कोळसा अधिक जळू लागला. आपल्याकडेही हेच दिसते. चाळीत सार्वजनिक नळ होता तेव्हा माणूस दोन बादल्यांत आंघोळ-धुणे भागवी. फ्लॅटमध्ये शॉवर आला. कमी विजेचा दिवा आला म्हणून घरात दिवे जास्त लागले. सुखसोय वाईट नव्हे, पण यंत्राची काटकसर म्हणजे समाजाची काटकसर नव्हे, एवढे ध्यानात घ्यावे. ऐरोली-नवी मुंबईच्या बाजूला संगणकांच्या माहितीसाठ्याची मोठी केंद्रे उभी राहत आहेत. तेथे कागद लागत नाही हे खरे. पण वीज आणि थंडावा लागतो, तो कोठून येणार हा प्रश्न राहतोच.

मग यंत्र आणि कायदा यांनी कधीच काही साधले नाही काय? साधले आहे. आकाशातील ओझोनचा थर विरळ होत होता. १९८७ साली माँट्रियल करार झाला, अपायकारक वायूंच्या एकूण उत्पादनावर बंधन आले आणि पर्यायी वायू वापरात आले. त्या थराची भरपाई आता सुरू झाली आहे. यात क्रम कसा होता ते पाहावे. आधी जगाने 'इतकेच, याहून जास्त नाही' असे ठरविले, मग यंत्र त्या मर्यादेत कामाला लागले. आपण मात्र यंत्र आधी आणतो आणि मर्यादेचे बोलणे पुढे ढकलतो.

भार कोणावर पडतो

या विषयाचा आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. यंत्र जेव्हा कमी पडते, तेव्हा त्याची उणीव कोण भरून काढतो?

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेत एका विहिरीच्या सफाईसाठी माणसे उतरली आणि विषारी वायूने गुदमरली. त्यांना वाचवावयास अग्निशमन दलाचे जवान उतरले. दोन जवानांसह पाच जणांचा अंत झाला. मे २०१९ मध्ये ठाण्यात ढोकाळी भागातील एका उच्चभ्रू गृहसंकुलात सांडपाणी प्रक्रिया केंद्राची टाकी साफ करताना तीन सफाई कामगार मृत्यू पावले. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली आणि पुन्हा २०१३ साली कायदा झाला आहे. गृहसंकुल नवे, केंद्र आधुनिक, पत्रकावर 'पर्यावरणस्नेही' असे छापण्याजोगे. पण टाकीत गाळ बसला तेव्हा यंत्र खाली उतरले नाही, माणूस उतरला. आणि अशा कामाला बहुधा कोणत्या वस्तीतील माणूस उतरतो, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगावयास नको.

बाबासाहेबांचा मुद्दा येथे अक्षरशः खरा ठरतो. यंत्र आले, समाजरचना तशीच राहिली, आणि यंत्राच्या तळाशी पुन्हा तोच माणूस सापडला.

कारखान्यांचेही तसेच. २६ मे २०१६ रोजी डोंबिवलीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, १२ जणांचे प्राण गेले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली. दोन स्फोटांत आठ वर्षांचे अंतर. कारखाना आणि घरे यांच्यामध्ये जी मोकळी जागा हवी होती, ती वाढत्या शहराने भरून टाकली होती. मोकळी जागा हीदेखील एक मर्यादाच असते. ती संपली की सुरक्षेच्या कोणत्याही उपकरणाने ती परत आणता येत नाही. आणि या कारखान्यांतील कामगार व शेजारचे रहिवासी ही वेगवेगळी माणसे नाहीत. पुष्कळदा ती एकाच घरातील असतात. म्हणून 'कारखाना बंद करा' ही घोषणा आम्हांला सोपी वाटत नाही. मोहन्याची एनआरसी २००९ मध्ये बंद पडली तेव्हा हजारो कुटुंबांची चूल कशी विझली, हे आम्ही जवळून पाहिले आहे. पगार हवा आणि श्वासही हवा, अशी आमची मागणी आहे.

कचऱ्याचे उदाहरण घ्या. कल्याणच्या आधारवाडी क्षेपणभूमीचा डोंगर आणि त्यातून निघणारा धूर अनेक वर्षे आजूबाजूच्या वस्त्यांनी सोसला. २०१५ साली उच्च न्यायालयाने घनकचऱ्याच्या प्रश्नावरून महानगरपालिका हद्दीतील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली, तेव्हा कोठे हालचाल वाढली. ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करण्याची मोहीम कसोशीने राबविल्यानंतर २०२१ मध्ये आधारवाडीत कचरा टाकणे थांबले. येथे नवे यंत्र आकाशातून पडले नव्हते. घराघरांत दोन डबे ठेवले गेले, हा त्यातील मोठा भाग होता. ठाण्याचा कचरा दिव्यात पडे. २०२३ मध्ये ते थांबले, पण तो भंडार्लीला जाऊ लागला व तेथील ग्रामस्थांनी ओरड केली. जागा बदलणे हा उपाय नव्हे, एवढे यातून शिकावे.

आणि पाण्याचेही पाहा. बारवी धरणाची उंची वाढवून त्याची साठवण सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर करण्यात आली. त्यासाठी मुरबाड भागातील आदिवासी पाड्यांना उठावे लागले. शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते. त्याच तालुक्यातील पाड्यांत उन्हाळ्यात टँकर फिरतात. धरणाच्या भिंतीजवळ राहणारी बाई हंडा घेऊन मैलभर जाते आणि शंभर किलोमीटर दूरच्या इमारतीत गाडी धुतली जाते. यात यंत्राचा दोष नाही. वाटपाचा आहे. चवदार तळ्यावर १९२७ साली पाण्याच्या ज्या हक्कासाठी लढा झाला, तो हक्क पाइपलाइनच्या युगातही आपोआप मिळत नाही.

मर्यादा ओळखून केलेले तंत्रज्ञान

मर्यादा मानणे म्हणजे अडाणीपणा, असा एक गैरसमज आहे. आपल्या परिसरातच त्याचे उत्तर खडकात कोरलेले आहे. कान्हेरीची लेणी ज्यांनी पाहिली असतील त्यांना प्रत्येक विहारापाशी असलेले पाण्याचे टाके आठवेल. शंभराहून अधिक लेणी असलेल्या या डोंगरावर शेकडो वर्षे भिक्षू राहिले. वर्षातले चार महिने पाऊस, आठ महिने कोरडे. त्यांनी खडकावर पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत नेले. अशा टाक्याला शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. या लेण्यांच्या दात्यांमध्ये कल्याणच्या व्यापाऱ्यांची आणि गृहस्थांची नावे आढळतात. कल्याणहून जुन्नरकडे जाणाऱ्या नाणेघाटातही वाटसरूंसाठी अशीच टाकी खोदलेली आहेत.

हे उत्तम तंत्रज्ञान होते. उतार, खडक, पाऊस आणि माणसांची संख्या यांचा हिशेब त्यात होता. टाके किती मोठे, यावरून किती माणसे राहतील हे ठरे. आपण आधी किती माणसे राहावयास येतील ते ठरवतो आणि मग पाणी शोधावयास निघतो. जुने सारे चांगले होते असे आम्हांला म्हणावयाचे नाही. लाखांच्या शहराला टाक्यांवर जगता येणार नाही. पण हिशेबाचा तो क्रम मात्र घेण्यासारखा आहे. ई. एफ. शूमाकर हे अर्थतज्ज्ञ १९५५ साली ब्रह्मदेशात सल्लागार म्हणून गेले होते. तेथील अनुभवावरून त्यांनी बौद्ध अर्थशास्त्रावर निबंध लिहिला व पुढे १९७३ च्या 'स्मॉल इज ब्यूटिफुल' या ग्रंथात तो समाविष्ट केला. कमीत कमी वापरात अधिकाधिक समाधान साधणे, हा त्याचा गाभा आहे. देहदंड नको आणि भोगलालसाही नको, हा मध्यम मार्ग ज्यांना माहीत आहे त्यांना ही कल्पना नवीन वाटणार नाही.

चार प्रश्न

तर मग करावयाचे काय? आम्हांला असे सुचवावेसे वाटते की, आपल्या शहरात कोणतीही नवी योजना, नवे यंत्र, नवा प्रकल्प आला की आपण चार प्रश्न विचारावेत.

पहिला : यातून निघणारे टाकाऊ शेवटी कोठे जाणार? 'प्रक्रिया होईल' हे उत्तर अपुरे आहे. गाळ, राख, खारट पाणी यांचा अखेरचा पत्ता विचारावा.

दुसरा : एका लिटरचे किंवा एका गाडीचे प्रमाण नको, एकूण किती? आणि त्या नदीला, त्या हवेला एकूण किती सोसते?

तिसरा : वीज गेली, पंप बिघडला, पैसा संपला तर काय? २६ जुलै २००५ च्या पुरात उल्हासचे पाणी वस्त्यांत शिरले. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकून सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी सोडवावे लागले. जे यंत्र केवळ चांगल्या दिवशी चालते, त्याच्या भरवशावर पूररेषेत घरे बांधू नयेत.

चौथा : चूक झाली तर टाकीत कोण उतरणार? या प्रश्नाचे उत्तर 'कंत्राटदाराची माणसे' असे आले, तर ती योजना आपण अपूर्ण समजावी.

हे प्रश्न विचारण्यासाठी शास्त्रज्ञ असण्याची गरज नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली कारखान्याचे संमतीपत्र, पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल, क्षेपणभूमीचे करार मागता येतात. आपल्या वस्तीतील दहावी-बारावीची मुले नदीचे नमुने पाहून टिपण ठेवू शकतील. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने निदान टाकीसफाईसाठी माणूस उतरविणार नाही, एवढा ठराव आपल्या सर्वसाधारण सभेत करून घ्यावा. त्याला खर्च फारसा नाही. यंत्राने गाळ उपसणारी गाडी भाड्याने मिळते. ती मागविण्याचे पैसे वाचविण्यासाठीच माणूस उतरविला जातो.

आमच्या पिढीने गावकुसाबाहेरून निघून कारखान्याच्या भोंग्यावर भरवसा ठेवला आणि तो भरवसा बऱ्याच अंशी सार्थ ठरला. आमच्या मुलांनी संगणकावर भरवसा ठेवावा, त्यातही गैर नाही. पण भोंगा वाजत होता तेव्हा नदीकडे पाहावयाचे आमच्याकडून राहून गेले, हे कबूल केले पाहिजे. वालधुनीत पोहलेली माणसे अद्याप आपल्यात आहेत. घरातील वडीलधाऱ्यांना एकदा विचारून पाहा. आणि ते सांगतील ते मुलांच्या देखत लिहून ठेवा, म्हणजे पुढे कोणी 'नदी पहिल्यापासून अशीच होती' असे म्हणू लागला, तर त्याला दाखविण्यास आपल्यापाशी काहीतरी असेल.